रूळ राखायचे की वाट काढायची? अ‍ॅडिरॉन्डॅकच्या जुन्या रेल्वेमार्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सी, बोस्टन, अल्बनीकडची बरीच मराठी मंडळी पानगळीचे रंग बघायला लेक प्लॅसिडला जातात. परत आल्यावर हमखास विचारतात, "तिथे पूर्वी आगगाडी होती ना? रूळ कुठे गेले?" जुने रूळ राखून गाडी चालवायची की ते काढून चालण्या-सायकलीची वाट, म्हणजे 'ट्रेल', करायची, असा हा वाद. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात राहून मी तो बरीच वर्षं जवळून पाहिला आहे. मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

हा मार्ग नेमका कुठून कुठे जातो?

युटिका शहराच्या उत्तरेला रेमसन नावाचं गाव आहे. तिथून जंगलात शिरून लेक प्लॅसिडला पोहोचणारा हा ११९ मैलांचा, म्हणजे सुमारे १९० किलोमीटरचा पट्टा आहे. वाटेत थेंडारा, बिग मूस, टपर लेक आणि सॅरनॅक लेक लागतात. हा जवळजवळ सगळा प्रदेश अ‍ॅडिरॉन्डॅक पार्कमध्ये येतो. 'पार्क' म्हटल्यावर कुंपण घातलेलं उद्यान डोळ्यांसमोर येईल, पण हा सुमारे ६० लाख एकरांचा मुलूख आहे. त्यात गावं, शाळा, दुकानं सगळं आहे. सरकारी मालकीचं वन 'कायमचं रानच राहील' असं राज्याच्या घटनेतच १८९४ मध्ये लिहिलं गेलं. त्यामुळे तिथे ना झाडं तोडून कारखाना उभा राहतो, ना नवा हमरस्ता निघतो. इथल्या माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न इतका नाजूक का, हे या एका कलमातून कळतं.

काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना?

साधारण तसंच, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडचा जिल्हा मुख्यतः वरून आलेल्या पैशावर चालतो. इथल्या काउंटीला आपला महसूल बराचसा स्वतः उभा करावा लागतो: घरांवरचा कर, विक्रीकरातला आपला हिस्सा, हॉटेलच्या खोलीवरचा कर. या मार्गावरची हॅमिल्टन काउंटी तर लोकसंख्येने राज्यात सगळ्यात लहान आहे. तिथे जेमतेम पाच हजार माणसं राहतात. अशा ठिकाणी दहा जादा खोल्या भरल्या तरी हिशेबात दिसतं.

ही रेल्वे बांधली कोणी?

मुख्यतः डॉ. विल्यम सेवर्ड वेब यांनी. ते रेल्वेसम्राट व्हँडरबिल्ट घराण्याचे जावई. १८९१-९२ मध्ये, अवघ्या दीड वर्षात, दलदल, खडक आणि तळ्यांच्या काठांवरून त्यांनी हा मार्ग नेला. वाटेत त्यांची स्वतःची हजारो एकरांची जंगल-इस्टेटही होती. पुढे तो न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेकडे गेला.

लाकूड बाहेर नेणं हे मोठं काम होतंच. पण मला या मार्गाची सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट वाटते ती सॅरनॅक लेकची. डॉ. एडवर्ड ट्रूडो यांनी १८८० च्या दशकात तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केलं. औषध नव्हतं, कोरडी थंड हवा, विश्रांती आणि आहार एवढाच उपचार होता. रोगी या गाडीने यायचे. गावात अजूनही अशी घरं उभी आहेत ज्यांच्या व्हरांड्यांत ते हिवाळ्यातसुद्धा पांघरुणं गुंडाळून पडून राहत. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरोग आरोग्यधामाच्या गोष्टी ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांना या व्हरांड्यांसमोर उभं राहिल्यावर वेगळं काही सांगावं लागणार नाही. इथल्या लोकांसाठी रूळ म्हणजे नुसतं लोखंड का नव्हतं, ते त्या गावात कळतं.

मग ती बंद का पडली?

रस्ते झाले, मोटारी आल्या. प्रवासी गाडी १९६५ मध्ये थांबली, मालगाडी १९७२ मध्ये. मालक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर राज्याने सत्तरच्या दशकातच जमिनीचा पट्टा विकत घेतला. या सगळ्या कहाणीतला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता असं मी म्हणेन, कारण तुकडे पडून जमीन विकली गेली असती तर आज ना गाडी असती ना ट्रेल.

१९८० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी लेक प्लॅसिडपर्यंत गाड्या पुन्हा धावल्या, पण डबे घसरले, पैसा संपला आणि १९८१ मध्ये सगळं पुन्हा थंडावलं. मार्गाला शंभर वर्षं झाली त्या १९९२ साली हौशी लोकांनी थेंडाराजवळ फक्त चार मैलांवर पर्यटन-गाडी सुरू केली. तीच पुढे वाढली. दुसऱ्या टोकाला सॅरनॅक लेक ते लेक प्लॅसिड अशीही छोटी गाडी २००० पासून हंगामात धावू लागली. मधला लांबलचक भाग मात्र झाडाझुडपांखाली गेला.

वाद पेटला कधी आणि कोण कुठल्या बाजूला होतं?

२०११ च्या सुमारास ट्रेलसमर्थकांनी संघटना उभी केली तेव्हापासून खरा रंग चढला. त्यांचं म्हणणं असं: वर्षातून काही महिने, थोडक्या मैलांवर धावणाऱ्या गाडीसाठी एवढा पट्टा अडवून ठेवता, रूळ काढा, बारीक खडी दाबून बसवा, सायकलवाले, चालणारे, बाबागाडी ढकलणारे आईबाप आणि हिवाळ्यात स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरची मोटार, चालवणारे येतील.

रेल्वेवाले सांगत की एकदा उखडलेले रूळ कोणी परत टाकत नाही. शिवाय हा मार्ग १९९३ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आहे आणि युटिकाहून लेक प्लॅसिडपर्यंत अखंड गाडी धावली तर ती देशातल्या मोजक्या लांब पर्यटन-गाड्यांत गणली जाईल.

स्नोमोबिलचा मुद्दा बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतो, पण टपर लेकमध्ये तोच फार जोरात मांडला गेला. रूळ वर डोकावत असले की त्यावरून मशीन नेण्यासाठी बर्फाचा जाड थर साचावा लागतो. रूळ नसतील तर कमी बर्फातही भागतं. हिवाळे बेभरवशाचे होत चालले असताना त्या दोन-चार आठवड्यांवर मोटेल आणि खानावळींचं वर्ष तरतं किंवा बुडतं.

लोक हिरिरीने भांडले. एकाच चर्चमध्ये जाणारे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक होती, हे इथे आवर्जून नोंदवते.

रूळही ठेवायचे आणि शेजारी वाटही करायची, हे का नाही जमलं?

हा प्रश्न मलाही पहिल्यांदा पडला होता. दुसरीकडे जमलेलं आहे. मेरिलंडमधल्या अ‍ॅलेगनी काउंटीत कंबरलँड ते फ्रॉस्टबर्ग वाफेच्या इंजिनाची पर्यटन-गाडी चालते आणि त्याच पट्ट्यावरून पिट्सबर्गपर्यंत जाणारा १५० मैलांचा ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज हा ट्रेलही जातो. तिथल्या ब्रश बोगद्यात तर रूळ आणि सायकलची वाट शेजारी शेजारी आहेत. सायकलवाले गाडीने चढ चढतात, सायकल डब्यात टाकतात आणि उतारावरून मजेत खाली येतात. कंबरलँडच्या स्टेशनाबाहेर दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं एकाच दुकानात खायला उभी असतात.

अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये जमीन आडवी आली. इथला पट्टा जागोजागी पाणथळ जमिनीतून, तळ्यांमधल्या अरुंद भरावावरून जातो. रूळ बसतात तेवढीच रुंदी. शेजारी वाट काढायची तर भराव रुंद करायचा, म्हणजे पाण्यात माती टाकायची, आणि पार्कच्या नियमांत ते महाकठीण. लेक प्लॅसिड ते सॅरनॅक लेक एवढ्यापुरता असा शेजारच्या वाटेचा प्रस्ताव स्थानिक टाऊनने एकदा पुढे नेलाही होता. खर्च आणि पाणथळ जागा यांत तो रुतला. तेव्हा "दोन्ही करा" हे म्हणायला सोपं असलं, तरी टपर लेक ते लेक प्लॅसिड या वादातल्या ३४ मैलांत ते शक्य नव्हतं असंच माझं मत झालं आहे.

न्यायालयात काय झालं?

२०१६ मध्ये राज्याने तडजोड जाहीर केली: टपर लेक ते लेक प्लॅसिड या ३४ मैलांचा ट्रेल करायचा आणि त्याच्या दक्षिणेला, बिग मूस ते टपर लेक हे ४५ मैल दुरुस्त करून गाडी वरपर्यंत आणायची. रेल्वे चालवणारी संस्था न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट मेन यांनी योजना रद्द केली. कारणं तीन होती. पार्कच्या आराखड्यात 'प्रवासी पट्टा' या शब्दांची जी व्याख्या होती तिच्यात रूळ नसलेली वाट बसत नव्हती. ऐतिहासिक वारशाबाबत कायद्याने घालून दिलेली पावलं नीट उचलली नव्हती. आणि काही तुकड्यांची मालकी राज्याकडे आहे की नाही हेच स्पष्ट नव्हतं.

राज्याने मग व्याख्या बदलली, कागदपत्रं सुधारली आणि २०२० मध्ये तीच योजना पुन्हा मंजूर केली. त्याच वर्षाच्या अखेरीस रूळ निघायला लागले. निकालानंतर व्याख्याच बदलणं मला आजही बोचतं. निर्णय बरोबर असेल, पण लोकांना 'आपण जिंकलो तरी हरलो' असं वाटायला लावणारी ही रीत होती आणि तो कडवटपणा अजून ओसरलेला नाही.

खरा प्रश्न पैशाचा. काउंटीला जास्त फायदा कशाने होतो?

इथे थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल याच प्रश्नावर झाली. दोन्ही बाजूंनी मोठमोठे आकडे सभांमध्ये फिरवले: इतके पर्यटक येतील, इतके कोटी डॉलर येतील. ते आकडे मी इथे देणार नाही. अंदाज बांधणाऱ्याने आधी काय गृहीत धरलं, यावरच ते सगळे उभे होते. त्यापेक्षा पैसा हातातून हातात कसा जातो ते पाहू.

गाडीचं तिकीट काढलं तर तो पैसा गाडी चालवणाऱ्या संस्थेकडे जातो. तो इंजिनाच्या डिझेलवर, विम्यावर, स्लीपर बदलण्यावर खर्च होतो. काउंटीला फायदा होतो तो त्या प्रवाशाने उतरल्यावर काय केलं यावरून. दोन तासांत परत फिरणारी गाडी असेल तर एक आइस्क्रीम, एक कप कॉफी. मुक्काम केला तरच खोलीवरचा कर, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता.

ट्रेलला तिकीटच नाही. उलट गवत कापणं, पूल तपासणं, पावसाने वाहून गेलेली खडी भरणं हे खर्चच. पण सायकलवाला दमतो, भुकेजतो, पंक्चर काढायला थांबतो. दोन दिवसांत ३४ मैल जाऊन परत यायचं ठरवलं तर एक रात्र टपर लेकला काढतो. आणि मुख्य म्हणजे गावातली माणसं तो रोज वापरतात. गाडी पाहुण्यांसाठी असते, ट्रेलवर शाळेतली पोरं आणि संध्याकाळी फिरायला निघालेल्या आज्याही असतात. आकडेवारीत ही गोष्ट येत नाही, पण गावाला गावपण यानेच येतं.

राज्याच्या ४ टक्के विक्रीकरावर काउंटी आपला वेगळा कर लावते. तेव्हा जेवणाच्या प्रत्येक बिलातून तिला काही मिळतंच. पण वाढ कुणाची, हेही विचारायला हवं. लेक प्लॅसिडमध्ये पर्यटक वाढले तशी राहती घरं पाहुण्यांना दिवसावर भाड्याने जाऊ लागली, आणि वेटर, नर्स, शिक्षक यांना राहायला जागा मिळेना. शेवटी तिथे अशा भाड्यावर नियम करावे लागले. ट्रेलच्या कडेच्या घरांच्या किमती वाढल्या, ही एका कुटुंबासाठी आनंदाची बातमी असते आणि दुसऱ्यासाठी गाव सोडण्याची. वादाच्या सभांमध्ये या मुद्द्यावर मी फार कमी लोकांना बोलताना ऐकलं.

टपर लेकला काय मिळालं?

माझ्या मते या तडजोडीची परीक्षा याच गावात आहे, कारण रूळ इथे संपतात आणि ट्रेल इथे सुरू होतो. हे लाकडाच्या धंद्यावर वाढलेलं गाव. 'ओव्हल वुड डिश' या कारखान्यात लाकडी ताटल्या, चमचे बनत. तो बंद पडला. मोठ्या रिसॉर्टच्या योजनेला २०१२ मध्ये मंजुरी मिळाली, पण ठरल्याप्रमाणे काही उभं राहिलं नाही. २००६ मध्ये उघडलेलं 'वाइल्ड सेंटर' हे निसर्ग-संग्रहालय मात्र रुजलं आणि आज मुलांना घेऊन येणारी बरीच कुटुंबं त्यासाठीच गावात वळतात.

ट्रेलचा लेक प्लॅसिड ते सॅरनॅक लेक हा १० मैलांचा पहिला टप्पा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला. पुढचं काम टप्प्याटप्प्याने टपर लेकच्या दिशेने सरकत गेलं. दक्षिणेकडचे रूळ दुरुस्त झाल्यावर युटिकाहून प्रवासी गाडीही टपर लेकला पुन्हा पोहोचली. म्हणजे कागदावर जे लिहिलं होतं ते झालं. पण गाडी हंगामात मोजक्याच दिवशी येत असेल तर त्या भरवशावर कोणी दुकान काढत नाही. तडजोडीतली ट्रेलची बाजू पूर्ण पाळली गेली. गाडीची बाजू पाळली गेली असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा प्रवासी शुक्रवारी युटिकाहून सायकलसह गाडीत बसेल, टपर लेकला उतरून ट्रेलला लागेल आणि रविवारी तसाच परत जाऊ शकेल. न्यूयॉर्क शहरातून अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची, गाडी युटिकाच्या त्याच स्टेशनात येते. साखळीच्या कड्या जागेवर आहेत, वेळापत्रकाने त्या जोडायच्या बाकी आहेत.

उखडलेले रूळ परत येऊ शकतात का?

कायद्याने वाट मोकळी आहे. १९८३ मध्ये अमेरिकी संसदेने 'रेल-बँकिंग'ची सोय केली: बंद होणारा मार्ग तुकड्यांत मोडून न टाकता ट्रेल म्हणून जपायचा आणि उद्या गरज पडली तर रेल्वे परत आणायची. सर्वोच्च न्यायालयानेही १९९० मध्ये व्हरमाँटमधल्या एका खटल्यात ही तरतूद उचलून धरली. अ‍ॅडिरॉन्डॅकचा पट्टा मात्र थेट राज्याच्या मालकीचा, तेव्हा तो अखंड ठेवायची जबाबदारी राज्यावरच आहे. प्रत्यक्षात ट्रेलवर पुन्हा रूळ पडल्याची उदाहरणं तुरळकच. म्हणून रूळ काढण्याचा निर्णय कायमचा आहे असं समजूनच घ्यावा, असं मी दोन्हीकडच्यांना सांगत आले.

इतर काउंट्यांनी काय केलं?

अल्स्टर काउंटीचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. तिथे कॅट्सकिल डोंगरातला मार्ग काउंटीच्याच मालकीचा. २०११ च्या आयरीन वादळात बॉइसव्हिलचा पूल वाहून गेला. पुढच्याच वर्षी काउंटीप्रमुख माइक हाइन यांनी बराचसा मार्ग ट्रेलला द्यायचं सुचवलं आणि पर्यटन-गाडीवाल्यांशी वर्षानुवर्षं खटके उडाले. शेवटी वाटणी झाली: किंग्स्टनच्या बाजूला गाडी, अशोकन जलाशयाच्या काठाने साडेअकरा मैलांचा ट्रेल (ऑक्टोबर २०१९ पासून खुला) आणि फिनिशियाला रुळांवरून पायडल मारत जायच्या गाड्या. हा पायडल-गाड्यांचा धंदा आधी सॅरनॅक लेकलाच २०१५ मध्ये सुरू झाला होता आणि चांगला चालला होता. रूळ निघणार हे ठरल्यावर तो तिथून गेला. ही हानी ट्रेलसमर्थकांनी मोकळ्या मनाने मान्य करावी.

वॉरन काउंटीला वेगळा धडा मिळाला. नॉर्थ क्रीककडे जाणारे आपले रूळ तिने बाहेरच्या कंपनीला चालवायला दिले. पर्यटन-गाडी रडतखडत चालली आणि मग कंपनीने पुढच्या मार्गावर, जंगलात, जुन्या तेलटाक्यांचे रिकामे डबे आणून उभे केले. लोक खवळले, २०१८ मध्ये डबे हटले आणि गाडीही बंद झाली. मार्ग आपला असला तरी करारात काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून असतं.

महाराष्ट्रात असा वाद होऊ शकतो का?

'शकुंतला'चं नाव घेतलं की विदर्भातल्या वाचकांच्या लक्षात येईल. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा कापसासाठी बांधलेला नॅरोगेज मार्ग आता थांबला आहे आणि तिथल्या लोकांची मागणी रुंदीकरणाची आहे. ती मला पूर्णपणे रास्त वाटते. तिथल्या माणसाला गाडीची गरज अजून भागलेली नाही. अ‍ॅडिरॉन्डॅकसारखी 'गाडी की सायकल' अशी निवड त्याच्यापुढे ठेवणं अन्यायाचं होईल. माथेरानची गोष्ट पुन्हा निराळी. वर मोटारींना बंदी आहे, म्हणून १९०७ ची ती छोटी गाडी आजही खरोखर माणसं वाहते. पावसाने मार्ग वाहून गेला, वर्षानुवर्षं बंद राहिला, तरी तो दुरुस्त करून २०२२ मध्ये गाडी नेरळहून पुन्हा सोडली गेली. जिला काम असतं ती गाडी टिकते. अमेरिकेत असो की आपल्याकडे, वारशाच्या गाडीबद्दल मी पहिल्यांदा हेच विचारते: तिला काम काय?

भारतातून आई-बाबा आले आहेत. त्यांना घेऊन गाडीने जावं की ट्रेलवर?

दोन्ही जमेल, फक्त एकाच दिवशी नको. गुडघे दुखत असतील तर थेंडाराकडची गाडी उत्तम. युटिकाच्या १९१४ च्या स्टेशनात थोडं आधी पोहोचा, आतले संगमरवरी खांब बघण्यासारखे आहेत. डब्यातून मूस नदीचा काठ दिसतो, खिडकीशी बसून डबा उघडता येतो. माझ्या बाबांनी घरची दशमी आणि लसणाची चटणी याच गाडीत खाल्ली आणि समोरच्या सीटवरच्या आजोबांनाही चाखवली.

चालण्याची सवय असेल तर सॅरनॅक लेकहून ट्रेलला लागा. बारीक खडी घट्ट बसवलेली आहे, चढ जवळजवळ नाही, चाकाची खुर्चीही जाते. अर्धा तास चालून परत फिरलात तरी तळं आणि डोंगर दोन्ही पाहून होतात. मे-जूनमध्ये काळ्या माश्या फोडून काढतात, तेव्हा ते महिने टाळा. रंग सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरात असतात. गाडीचं वेळापत्रक निघण्याआधी नक्की बघा, ती रोज नसते. आणि जेवण गावातच करा. सॅरनॅक लेकच्या मुख्य रस्त्यावर पायी फिरलात तर शाकाहारी काही ना काही मिळतंच.